दिल्लीची गाडी, गावाकडची वाट

दिल्लीत सरकारी नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी माणसाकडे गावाकडून नाना प्रकारची कामे येत असतात. कोणाला मंत्रालयात अडकलेल्या कागदाची चौकशी करावयाची असते, तर कोणाला हरिद्वारच्या वाटेवर दोन दिवसांचा मुक्काम हवा असतो. गेल्या काही वर्षांत या कामांत एका नव्या कामाची भर पडली आहे. जुन्नर, पाटण किंवा चंदगड अशा एखाद्या डोंगरी तालुक्यातून फोन येतो आणि पलीकडून विचारणा होते, "भाऊसाहेब, दिल्ली पासिंगची एक जीप पाहून ठेवली आहे. भाव फार कमी सांगतात. सवड काढून जरा बघून याल का?"

या विचारण्यामागची गरज खोटी नसते. ज्याचे शेत डोंगराच्या कुशीत आहे, ज्याच्या वस्तीपर्यंतची वाट पावसाळ्यात चिखलाने भरून जाते, त्याला चारही चाकांना जोर देणारी गाडी ही चैन नव्हे. आजारी माणसाला तालुक्याच्या दवाखान्यात न्यावयाचे, भाजीचे क्रेट वेळेवर बाजारात पोचवावयाचे, तर अशीच गाडी लागते. नवी घेण्याची ऐपत नसते, आणि जवळपास मिळणाऱ्या जुन्या गाड्यांचे भावही चढेच असतात. मग दिल्ली, गुडगाव, नोएडा येथल्या गाड्यांची छायाचित्रे पाहून मन ओढ घेते. परंतु दुरून डोंगर साजरे, ही म्हण डोंगरावर चढणाऱ्या गाडीलाही लागू पडते. म्हणून ही गाडी दिल्लीत स्वस्त का, ती घरी आणावयाची तर काय पाहावे, आणि तिच्याबरोबर आपण आणखी काय घेऊन येतो, याचा विचार आज आपण करू.

प्रथम स्वस्ताईचे कारण पाहू. दिल्लीची हवा श्वास घेण्यास अयोग्य होत चालली, तेव्हा राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २६ नोव्हेंबर २०१४ रोजी पंधरा वर्षांहून जुन्या गाड्या दिल्लीच्या रस्त्यांवर चालू नयेत, असा आदेश दिला. पुढे ७ एप्रिल २०१५ रोजी डिझेलच्या गाड्यांसाठी ही मर्यादा दहा वर्षांवर आणण्यात आली आणि ती संपूर्ण राष्ट्रीय राजधानी क्षेत्राला लागू झाली. २९ ऑक्टोबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या मर्यादांवर शिक्कामोर्तब केले. मोटार वाहन कायद्याने देशात अन्यत्र खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षे टिकते, आणि त्यानंतरही गाडी तपासणीत उतरली तर ती पाच पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. म्हणजे तीच डिझेल गाडी दिल्लीत दहाव्या वर्षी म्हातारी ठरते आणि सातारा जिल्ह्यात मात्र तिच्यापुढे अजून निदान पाच वर्षांचा काळ उरलेला असतो.

या भेदातच भावाचे रहस्य आहे. स्वस्त झालेले असते ते कायद्याने दिल्लीत दिलेले आयुष्य. यंत्राचे आयुष्य ही निराळी गोष्ट आहे. एखादी गाडी दहा वर्षांत केवळ कार्यालयापर्यंत जाऊन येऊन राहिलेली असते, तर दुसरी त्याच दहा वर्षांत हिमाचलच्या घाटांत पिळून निघालेली असते. दिल्लीचा कायदा दोघींचे वय एकच धरतो, आणि दिल्लीचा दलालही दोघींना जवळजवळ एकच भाव सांगतो. ग्राहकाने मात्र दोघींना एक मानून चालणार नाही.

यात एक गमतीची गोष्टही आहे. आपल्याकडे जीपगाडीचा प्रपंच सुरू झाला तो मुंबईत. महिंद्र कंपनीने १९४९ मध्ये माझगाव येथे विलीस जीप जुळविण्यास आरंभ केला. पुढे २००० मधील बोलेरो, २००२ मधील स्कॉर्पिओ आणि २०१० मधील थार या गाड्यांचा नाशिकच्या कारखान्याशी निकटचा संबंध राहिला. तेव्हा दिल्लीहून महाराष्ट्रात येणारी अशी जुनी गाडी पुष्कळदा परमुलुखातून माहेरीच परत येत असते. जिप्सीची गोष्ट मात्र वेगळी. ती १९८५ मध्ये निघाली ती गुडगावच्या मारुती कारखान्यातून, म्हणून ती खरी राजधानीची लेक. ती पेट्रोलवर चालत असल्याने तिला तेथे दहाऐवजी पंधरा वर्षे मिळतात.

दहा वर्षे पुरी झालेली गाडी मालकाने काय करावी, याचाही विचार न्यायाधिकरणाने केला होता. २०१६ च्या जुलै महिन्यातील आदेशांत असे ठरले की, पंधरा वर्षांहून जुन्या आणि प्रदूषणाच्या पहिल्या दोन भारत मानकांतील डिझेल गाड्या मोडीत काढाव्यात. त्यांहून कमी वयाच्या गाड्यांना राजधानीबाहेर जाण्यासाठी ना हरकत प्रमाणपत्र द्यावे; पण जेथे हवा मोकळी आहे आणि गाड्यांची गर्दी विरळ आहे, अशाच भागांसाठी. हे भाग राज्यांनी ठरवावयाचे होते. हा तपशील ध्यानात ठेवावा. शेवटी त्याच्याकडे पुन्हा वळावयाचे आहे.

त्यानंतरही हुकूम बदलत राहिले. १ जुलै २०२५ पासून दिल्लीतील पंपांवर मुदत संपलेल्या गाड्यांना इंधन न देण्याचा बेत अमलात आला आणि थोड्याच दिवसांत तो पुढे ढकलण्यात आला. १२ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केवळ वयाच्या कारणावरून मालकांवर सक्तीची कारवाई करू नये असे सांगितले. १७ डिसेंबर २०२५ रोजी हे संरक्षण भारत मानक चार व त्यापुढील गाड्यांपुरतेच मर्यादित करण्यात आले. यावरून घ्यावयाचा बोध एवढाच की, गेल्या वर्षी कोणी गाडी कशी आणली ही हकीकत आज उपयोगी पडेलच असे नाही. ज्या दिवशी पैसे मोजावयाचे, त्या दिवशी कोणता हुकूम लागू आहे हे परिवहन खात्याकडूनच समजून घ्यावे. शक्यतो दहा वर्षे पुरी होण्यापूर्वीची गाडी निवडावी. मुदत उलटलेली गाडी घेतलीच, तर ती स्वतः चालवीत न आणता वाहून नेणाऱ्या ट्रकवर चढवून राजधानी क्षेत्राबाहेर काढावी. हे क्षेत्र दिल्लीच्या वेशीवर संपत नाही. आग्र्याच्या जुन्या रस्त्याने निघाल्यास फरीदाबाद आणि पलवल मागे टाकून मथुरा जिल्ह्यात शिरेपर्यंत आपण त्यातच असतो.

आता कागदांकडे वळू. गाडी विकत घेणे म्हणजे किल्ली हातात घेणे, अशी आपल्याकडे एक सोयीची समजूत आहे. कायद्याची समजूत निराळी आहे. नोंदवहीत ज्याचे नाव, तो मालक. गाडी विकली पण नाव बदलले नाही, अशा स्थितीत अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी नोंदलेल्या मालकावरच राहते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. म्हणून जाणता विक्रेता नाव बदलण्याची घाई करतो. जो "नाव नंतर होईल, आधी गाडी घेऊन जा" असे म्हणतो, त्याच्याविषयी सावध असावे. पुष्कळदा तो मालक नसतोच. मालकाने सही करून दिलेले कोरे नमुने तीन हात फिरून त्याच्याकडे आलेले असतात.

क्रम असा असावा. प्रथम परिवहन खात्याच्या संगणकावरील नोंद आणि हातातील आरसी बुक ताडून पाहावे. चासीवर कोरलेला क्रमांक आणि इंजिनाचा क्रमांक स्वतःच्या डोळ्यांनी वाचावा. कोरलेले आकडे वेडेवाकडे असतील किंवा त्या जागी नवा रंग दिसत असेल, तर पुढची बोलणी थांबवावी. गाडीवर बँकेच्या कर्जाचा बोजा असल्यास तो उतरल्याचा दाखला आणि नमुना ३५ पाहावा. दंडाच्या थकलेल्या रकमा फेडून घ्याव्यात. मग ना हरकत प्रमाणपत्राचा अर्ज नमुना २८ वर होतो. ते देण्यापूर्वी गाडी चोरीची नाही ना, याची पोलिसांकडून खात्री करून घेतली जाते. या प्रमाणपत्रात गाडी कोणत्या आरटीओकडे जावयाची हे लिहिलेले असते. तेव्हा ती पुण्याला नोंदवावयाची की कऱ्हाडला, हे आधीच ठरविलेले बरे. विक्रीची सूचना नमुना २९ वर व नाव बदलण्याचा अर्ज नमुना ३० वर होतो. विम्यातील तिऱ्हाइताच्या नुकसानीचे संरक्षण मालकीबरोबर आपोआप पुढे जाते. तरी विमा आपल्या नावावर करून घेण्याचा अर्ज चौदा दिवसांच्या आत करावयाचा असतो. हे सर्व हाती येईपर्यंत पूर्ण रक्कम देऊ नये. जी द्यावयाची ती बँकेमार्फत आणि नोंदलेल्या मालकाच्याच खात्यात द्यावी.

कागद निर्दोष ठरले, म्हणजे पैशांचा हिशेब मांडावा. हा हिशेब दिल्लीच्या दुकानापाशी संपवून चालत नाही. तो आपल्या अंगणापर्यंत आणावा लागतो. समजा, दिल्लीत एका गाडीचा भाव ३,५०,००० रुपये आहे आणि तशीच गाडी पुण्याजवळ ५,००,००० रुपयांना मिळते. दीड लाखाचा फायदा दिसतो. आता दोघांचे जाणेयेणे व मुक्काम १५,००० धरा. परतीचे सुमारे १,३०० किलोमीटर, लिटरला दहा किलोमीटर या मानाने १३० लिटर डिझेल, ९० रुपये दराने ११,७०० झाले. टोल व वाटेतील जेवणखाण ६,०००. स्टेपनीसह पाच टायर ४०,०००, बॅटरी ८,०००, तेले, पट्टे आणि ब्रेकचे सामान २०,०००. महाराष्ट्रात पुन्हा नोंदणी करताना येथला एकरकमी कर वेगळा भरावा लागतो. दिल्लीत भरलेला कर येथे चालत नाही. तो गाडीची मूळ किंमत व वय पाहून ठरतो. समजा तो व शुल्क मिळून ४०,००० झाले. एकूण १,४०,७०० रुपये. दीड लाखातून उरले ९,३०० रुपये, आणि त्यासाठी रजा, दगदग आणि जोखीम! याला आपण चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतो. सगळेच व्यवहार असे होतात असे नाही. टायर नवे निघाले, कर कमी बसला, तर बरीच रक्कम खरोखरच वाचते. मात्र ती वाचेल की नाही, हे निघण्यापूर्वी कागदावर दिसले पाहिजे.

गाडीची परीक्षा हा यानंतरचा भाग. दिल्लीची हवा वर्षातील बराच काळ कोरडी असते. त्यामुळे कोकणातल्या गाडीचा पत्रा जसा गंजतो, तसा तेथल्या गाडीचा सहसा गंजत नाही, हा दिल्लीच्या गाडीचा गुण. परंतु १३ जुलै २०२३ रोजी यमुनेचे पाणी जुन्या रेल्वेपुलापाशी २०८.६६ मीटरपर्यंत चढले, तेव्हा नदीकाठच्या वस्त्या बुडाल्या हे विसरू नये. पुरात उभी राहिलेली गाडी बाहेरून धुऊन चकचकीत करता येते. मात्र गालिच्याखाली, दिव्यांच्या काचेच्या आत, सीटच्या रुळांवर गाळाची बारीक पूड मागे राहते. तेथे बोट फिरवून पाहावे. टायरवर चार आकड्यांचा एक शिक्का असतो. पहिले दोन आकडे आठवडा सांगतात आणि नंतरचे दोन वर्ष. '२३१४' असेल, तर तो टायर २०१४ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला आहे. वरची नक्षी कितीही खोल दिसली, तरी असा टायर तापल्या रस्त्यावर वेगाने पळवू नये.

चार चाकांच्या जोराची परीक्षा निराळी आहे, आणि ती कशी घ्यावी हे समजण्यासाठी आतली रचना थोडी जाणून घेतली पाहिजे. अशा साध्या गाड्यांत नेहमी मागच्या दोन चाकांनाच जोर मिळतो. दुसरा दांडा ओढला की पुढचा आणि मागचा आस एकमेकांशी जखडले जाऊन सारख्याच गतीने फिरू लागतात. वळण घेताना मात्र पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा अधिक अंतर कापावे लागते. चिखलात किंवा वाळूत चाके किंचित घसरून हा फरक भरून काढतात. डांबरावर त्यांना घसरता येत नाही, आणि सारा पीळ दांड्यांवर व दातेरी चाकांवर पडतो. म्हणून दलाल गाडी पक्क्या रस्त्यावर चारही चाकांवर फिरवून दाखवू लागला, तर त्याला थांबवून गाडी कच्च्या जमिनीवर न्यावी. तेथे दांडा सहज पडतो का, पुढची चाके खरोखर ओढतात का, जड ओझ्यासाठी असलेला खालचा गियर लागतो का आणि सुटतो का, हे पाहावे. शहरात वाढलेल्या गाडीचा हा दांडा कधी कधी दहा वर्षांत एकदाही हललेला नसतो, आणि ज्या कारणासाठी आपण गाडी घेतो नेमके तेच अंग जखडलेले निघते. दिल्लीतला एखादा ओळखीचा मिस्त्री बरोबर नेला, तर त्याची मजुरी वाया जात नाही.

मग घरचा रस्ता. नाशिक, पुणे किंवा त्याखालच्या भागात जाणाऱ्यांस दोन मार्ग मोकळे आहेत. एक जयपूर, उदयपूर, अहमदाबादवरून येणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४८. हाच पुढे मुंबई, पुणे, सातारा, कोल्हापूर असा दक्षिणेस जातो. दुसरा म्हणजे आपल्या जुन्या माणसांचा मुंबई-आग्रा रस्ता. आग्रा, ग्वाल्हेर, शिवपुरी, गुना, देवास, इंदूर, सेंधवा, धुळे आणि नाशिक असा तो उतरत येतो. शिंदे, पवार आणि होळकर यांच्या नगरांतून जाणाऱ्या या वाटेवर मराठी माणसाला सहसा परके वाटत नाही. धोलपूरजवळ चंबळ, खलघाट येथे नर्मदा आणि शिरपूरच्या अलीकडे की पलीकडे असा वाद घालीत आपण तापी ओलांडतो, तेव्हा मन निम्मे घरी पोचलेले असते.

परंतु गाडी अनोळखी आहे, हे मनाने विसरू नये. पहिला टप्पा ग्वाल्हेरपर्यंत, म्हणजे सुमारे सव्वातीनशे किलोमीटरांचाच ठेवावा. पहिल्या पन्नास किलोमीटरांनंतर थांबून चारही चाकांच्या मधल्या भागाजवळ तळहात धरून पाहावा. एकच चाक इतरांहून जास्त तापले असेल, तर ब्रेक धरून राहतो आहे किंवा बेअरिंग गेले आहे. गाडीखाली तेलाचा थेंब पडतो का, पाण्याची पातळी उतरली का, हे दर थांब्याला पाहावे. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीपासून ग्वाल्हेरपर्यंत दाट धुके असते. त्या दिवसांत सूर्य वर आल्यावाचून निघू नये आणि कोणत्याही ऋतूत रात्री चालवू नये. सेंधव्याच्या पुढे बिजासनीचा घाट उतरताना, जो गियर चढताना लागला असता तोच टाकून उतरावे. ब्रेकवर पाय ठेवून उतरल्यास ते तापतात आणि ऐन वेळी धरीत नाहीत. तीन दिवसांचा प्रवास दोन दिवसांत उरकण्यात भूषण नाही.

गाडी दारात उभी राहिली, पेढे वाटले गेले, की बहुतेकांना काम संपल्यासारखे वाटते. वस्तुतः हत्ती गेलेला असतो आणि शेपूट राहिलेले असते. नाव बदलण्यासाठी खरेदीपासून तीस दिवसांत आपल्या आरटीओकडे कळवावयाचे असते. परराज्याच्या क्रमांकावर गाडी बारा महिन्यांपर्यंत ठेवता येते, पण त्या मुदतीच्या भरवशावर स्वस्थ बसू नये. नमुना २७ भरून, कर देऊन, तपासणीसाठी गाडी उभी करून महाराष्ट्राचा क्रमांक घ्यावा. तो मिळेपर्यंत खरेदी पुरी झाली असे समजू नये.

आता मघाशी बाजूला ठेवलेला प्रश्न. जी गाडी धुरामुळे दिल्लीला नकोशी झाली, ती आपण गावात आणतो, तेव्हा तो धूर कोठे जातो? लहान प्रवासी डिझेल मोटारीने किलोमीटरमागे किती कण हवेत सोडावेत, याची मर्यादा भारत मानक तीनमध्ये ०.०५ ग्रॅम होती. मानक चारमध्ये ती ०.०२५ झाली आणि २०२० मध्ये देशभर लागू झालेल्या मानक सहामध्ये ०.००४५ वर आली. म्हणजे मानक चारची गाडी मानक तीनच्या निम्मा, पण आजच्या नव्या गाडीच्या पाचपटीहून अधिक धूर सोडू शकते. डोंगरातील मोकळ्या हवेत तो लवकर विरतो, हे खरे. न्यायाधिकरणाने विरळ गर्दीच्या भागांची अट घातली ती याच विचाराने. पण अट मोकळ्या डोंगरासाठी होती. तीच गाडी पुण्याच्या किंवा नाशिकच्या भर चौकात रोज फिरू लागली, तर दिल्लीचे दुखणे आपण स्वखर्चाने, टोल भरून आपल्या शहरात आणले असे होईल.

म्हणून मला विचारणाऱ्यांना मी गाडीच्या आधी एक प्रश्न विचारतो: ही गाडी नेमकी कोठे चालणार? ज्याला चिखलाची वाट आणि दूरची वस्ती आहे, त्याने मानक चारची, कागदांनी निर्दोष अशी गाडी जरूर घ्यावी. तिची इंजेक्टरे आणि हवेची गाळणी वेळेवर साफ करावीत आणि प्रदूषणाचा दाखला केवळ पोलिसांसाठी न ठेवता खरोखर तपासून घ्यावा. अशा घरात ती गाडी आणखी काही वर्षे उपयोगी पडेल, आणि एखाद्या पावसाळी रात्री कोणाचा तरी जीवही वाचवील. ज्याला केवळ शहरात उंच गाडीतून मिरवावयाचे आहे, त्याला मात्र मी सांगतो की, दिल्लीपर्यंत येण्याची तसदी घेऊ नका. स्वस्त मिळते एवढ्याच कारणासाठी १,३०० किलोमीटरांवरून धूर आणण्याइतकी आपली शहरे अजून मोकळी राहिलेली नाहीत.